उष्माघात: पारा ३८ वर असतानाही माणसं का दगावतात? आणि हे मृत्यू मोजले का जात नाहीत?

१६ एप्रिल २०२३, रविवार. नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा होता. ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांचा सन्मान पाहण्यासाठी राज्यभरातून लाखो श्रीसदस्य आले होते. व्यासपीठावर छत होतं, समोरची गर्दी मात्र उघड्या मैदानात बसली होती. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. त्यानंतर उन्हाच्या त्रासानं लोकांना रुग्णालयात हलवावं लागलं आणि सरकारी आकड्यानुसार १४ जणांचा मृत्यू झाला.

त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावर नोंदलेलं कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं.

इथे चंद्रपूर-नागपूरकडचा माणूस भुवया उंचावणार. तिकडे एप्रिलमध्ये ४२-४३ अंश म्हणजे नेहमीचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, तरी माणसं दुपट्टा बांधून कामाला जातात. मग ३८ अंशांत एवढी माणसं कशी दगावली?

याचं उत्तर समजायला तापमानाचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवून घरातला माठ पाहावा लागेल.

माठ, कूलर आणि माणूस

माठातलं पाणी गार का होतं? मातीच्या बारीक छिद्रांमधून थोडं पाणी पाझरून बाहेरच्या बाजूला येतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती माठातल्या उरलेल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतलं पाणी गार पडतं.

हाच माठ नागपुरात चांगला गार होतो आणि मुंबईत जेमतेम. विदर्भात घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर चालतात, मुंबईत तोच कूलर लावला तर खोली गार व्हायच्या ऐवजी दमट होते. कारण मुंबईच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. त्या हवेत आणखी वाफ सहज मावत नाही.

माणसाचं शरीरही या बाबतीत माठासारखंच चालतं. शरीर सतत उष्णता तयार करत असतं. नुसतं बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो, आणि डोक्यावर विटा वाहणारा मजूर त्याच्या चौपट किंवा जास्त. ही उष्णता बाहेर पडली नाही तर शरीर आतून तापत जातं. हवा गार असेल तेव्हा ती त्वचेवरून आपोआप निघून जाते. पण हवेचं तापमान त्वचेच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेलं की उलटा प्रवाह सुरू होतो आणि हवाच शरीराला तापवायला लागते. मग एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते.

इथे महत्त्वाची आहे ती घामाची वाफ. निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला गार करत नाही. त्यात पाणी आणि मीठ फुकट जातं.

वाफ होण्याला हवेत किती वाव आहे, हे मोजायची एक जुनी युक्ती आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळायचं आणि त्यावरून वारा जाऊ द्यायचा. कापडातल्या पाण्याची वाफ होऊन पारा उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. याला 'वेट बल्ब' तापमान म्हणतात. हवा कोरडी असेल तर हा पारा खूप खाली येतो, दमट असेल तर फारसा हलत नाही.

आता हिशोब करून पाहा. तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, म्हणजे मे महिन्यातली नागपूरची दुपार. तिचं वेट बल्ब तापमान येतं साधारण २४ अंश. तापमान ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के, म्हणजे किनारपट्टीवरचा एखादा घामट दिवस. त्याचं येतं २९ अंशांच्या पुढे. पारा ९ अंशांनी कमी असूनही घाम वाळण्याच्या दृष्टीनं दुसरा दिवस जास्त अवघड.

वेट बल्ब तापमान ३५ अंशांवर गेलं तर घाम कितीही आला तरी उपयोग नाही, सावलीत पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावेल, असं गणित स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्युबर या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं होतं. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच येते. त्याच चाचण्यांत आणखी एक गोष्ट दिसली. खूप तापलेल्या कोरड्या हवेत तर शरीर वेट बल्बच्या २५ ते २८ अंशांनाच हात टेकतं, कारण घामाची वाफ लगेच होत असली तरी घाम तयार करण्याच्या वेगालाच मर्यादा असते. म्हणजे 'आमच्याकडे कोरडी हवा आहे, काही होत नाही' हा विदर्भ-मराठवाड्यातला दिलासाही पुरता खरा नाही.

खारघरच्या मैदानावर यात आणखी दोन गोष्टींची भर होती. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीत. उन्हात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सूर्य थेट तापत असतो, तो ताप त्या आकड्यात नसतो. शिवाय दाटीवाटीनं बसलेल्या गर्दीत वारा फिरत नाही.

शरीराच्या आत काय घडतं?

ऊन लागणं म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, एवढाच बहुतेकांचा समज असतो. तो अर्धाच बरोबर आहे.

शरीर तापलं की मेंदू रक्ताला त्वचेकडे वळवतो, कारण उष्णता तिथूनच बाहेर जाते. टोकाच्या स्थितीत त्वचेकडे मिनिटाला ६ ते ८ लिटर रक्त वाहू शकतं. विश्रांतीच्या वेळी आपलं हृदय संपूर्ण शरीरासाठी मिळून मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पंप करतं, हे लक्षात घेतलं की त्याच्यावर किती ताण येतो ते समजेल. त्यातच घामामुळे रक्तातलं पाणी घटलेलं असतं, रक्त दाट झालेलं असतं. तरुण हृदय हे निभावून नेतं. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला इथेच झटका येतो.

त्वचेकडे वळवलेलं रक्त कुठून तरी काढलेलं असतं. ते प्रामुख्यानं आतडी आणि मूत्रपिंडांकडून काढलं जातं. रक्त कमी पडल्यानं आतड्याचं अस्तर कमकुवत होतं आणि एरवी आतड्यातच राहणारी जिवाणूंची विषारी द्रव्यं रक्तात झिरपायला लागतात. मग जंतुसंसर्गासारखाच दाह सर्व शरीरात पसरतो. रक्तात गुठळ्या होतात, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी व्हायला लागतात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा.

यात दोन गैरसमज जिवावर बेततात. पहिला म्हणजे 'घाम येतोय ना, मग उष्माघात नाही'. उन्हात कष्टाचं काम करताना कोसळलेल्या माणसाचं अंग घामानं ओलं असू शकतं. दुसरा म्हणजे पॅरासिटामॉल देणं. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वाढवून ठेवतो, पॅरासिटामॉल ती क्रिया खाली आणतं. उष्माघातात मेंदू तापमान उतरवायलाच धडपडत असतो, त्याला ते जमत नसतं. तिथे गोळीचा उपयोग नाही, उलट आधीच त्रासलेल्या यकृतावर भार पडतो.

सगळ्यात जास्त धोका कुणाला?

उष्माघाताची बातमी आली की बरोबर भर उन्हात चालणाऱ्या माणसाचा फोटो असतो. शेतमजूर, बांधकाम मजूर, डिलिव्हरी करणारी मुलं, वाहतूक पोलीस यांना धोका आहेच. पण उष्णतेच्या लाटेत दगावणाऱ्यांचा मोठा गट फोटोत दिसत नाही, कारण तो घरात असतो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं उदाहरण पाहा. जून २०२१ च्या अखेरीस तिथे उष्णतेची अभूतपूर्व लाट आली, लिटन नावाच्या गावात ४९.६ अंशांची नोंद झाली. प्रांतात ६१९ जणांचा मृत्यू उष्णतेमुळे झाल्याचं तिथल्या शवचिकित्सा विभागानं ठरवलं. त्यातले ९८ टक्के घरात किंवा इमारतीच्या आत दगावले होते. दोन तृतीयांश जण सत्तरीच्या पुढचे होते आणि निम्म्याहून जास्त एकटे राहणारे होते.

वय वाढलं की घामाच्या ग्रंथी मंदावतात, तहान लागल्याची जाणीव कमी होते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात, काही मानसिक आजारांवरची औषधं घाम कमी करतात. तान्ह्या बाळांना स्वतःहून पाणी मागता येत नाही आणि त्यांचं शरीर लवकर तापतं.

यात रात्रीचा वाटा मोठा आहे. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रीचे गार तास लागतात. शहरात काँक्रीट आणि डांबर दिवसा साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तर भिंतीही गरम लागतात. अशा तीन-चार रात्री लागोपाठ गेल्या की हृदयाला विश्रांतीच मिळत नाही. म्हणून भारतीय हवामान विभाग आता फक्त कमाल तापमान सांगून थांबत नाही. दिवसाचं तापमान ४० च्या वर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त राहिलं तर 'उष्ण रात्री'चा इशाराही देतो.

आणि एक गोष्ट महिन्याची. नवतपा जवळ आला की विदर्भात सगळे सावध होतात, पण मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या लाटेत बेफिकिरी असते. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. सवय झालेलं शरीर मे महिन्यात जे सोसतं, ते मार्चमध्ये सोसत नाही. गारव्यात वर्षभर काम करून एक दिवस उन्हात बसलेला माणूसही तितकाच कच्चा असतो.

मग आकडे इतके कमी का दिसतात?

उन्हाळा संपला की 'राज्यात उष्माघाताचे अमुक बळी' अशी बातमी येते. आकडा बहुतेकदा दोन अंकी असतो. एवढ्या मोठ्या राज्यात एवढेच? मग एवढा गाजावाजा कशाला, असं कुणालाही वाटेल.

तो आकडा फक्त अशा माणसांचा असतो, ज्यांच्या मृत्यूच्या कागदावर 'उष्माघात' लिहिलं गेलं. त्यासाठी माणूस रुग्णालयात पोचावा लागतो, लगेच त्याच्या आतलं तापमान मोजावं लागतं आणि डॉक्टरांनी बाकीच्या शक्यता तपासाव्या लागतात. दुपारी घरात झोपलेल्या सत्तर वर्षांच्या मधुमेही माणसाचं हृदय बंद पडलं, तर कागदावर 'हृदयविकाराचा झटका' येतो. ते खोटं नसतं, पण ती लाट आली नसती तर तो माणूस कदाचित आज जिवंत असता, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

भारतात तर पायरी आणखी आधीच निसटते. नोंद झालेल्या मृत्यूंपैकी ज्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं असतं, असे मृत्यू देशात एक चतुर्थांशाहूनही कमी आहेत. बाकीच्यांच्या बाबतीत कारणाची रीतसर वैद्यकीय नोंदच नाही.

यावर उपाय म्हणजे कारण विचारायचंच नाही, एकूण मृत्यू मोजायचे. एरवी त्या दिवसांत शहरात किती माणसं दगावतात आणि लाटेच्या दिवसांत किती दगावली, यातला फरक काढायचा. याला 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात. कोविडच्या काळात हा शब्द अनेकांनी ऐकला असेल.

यावरून मोठा वाद झाला तो शिकागोत. जुलै १९९५ मध्ये तिथे पारा ४१ अंशांवर गेला, रात्रीही उतरेना. शवागार अपुरं पडलं, मृतदेह ठेवायला शीतकरणाचे ट्रक आणावे लागले. काउंटीचे वैद्यकीय तपासनीस एडमंड डोनोह्यू उष्णतेचे बळी मोजत होते, तर महापौर रिचर्ड डेली यांनी त्या आकड्यांवर शंका घेतली. डोनोह्यूंनी ४६५ मृत्यू उष्णतेशी जोडले. नंतर अतिरिक्त मृत्यूंचा हिशोब झाला तेव्हा तो ७३९ निघाला. म्हणजे ज्याला फुगवलेला म्हटलं गेलं, तो आकडा प्रत्यक्षात कमीच होता.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी पुढे या शहराचा अभ्यास केला. शेजारी-शेजारी असलेल्या दोन गरीब वस्त्या त्यांना दिसल्या. ऊन सारखंच, तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू आणि साउथ लॉनडेलमध्ये लाखामागे ४. दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं उघडी होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडून त्या गार दुकानांत जाऊन बसत होती. पहिल्या वस्तीत अर्धीअधिक घरं-दुकानं ओस पडलेली होती आणि भीतीपोटी वृद्ध दारं-खिडक्या लावून आत बसले होते.

भारतातलं सर्वांत ठळक उदाहरण अहमदाबादचं आहे. २१ मे २०१० रोजी तिथे ४६.८ अंशांची नोंद झाली. त्या महिन्यात शहरात एकूण ४,४६२ मृत्यू झाले. एरवीच्या तुलनेत ते १,३४४ ने, म्हणजे ४३ टक्क्यांनी जास्त होते. एका शहरात, एका महिन्यात. पूर आला असता आणि एवढी माणसं गेली असती तर देशभर हलकल्लोळ झाला असता. इथे मात्र ही माणसं वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या कारणांच्या नावाखाली गेली आणि खरा आकडा संशोधकांनी हिशोब मांडल्यावर पुढे आला.

युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात ७० हजारांहून जास्त अतिरिक्त मृत्यू झाले. श्रीमंती, रुग्णालयं, रस्ते सगळं असूनही.

पण थंडीनं जास्त माणसं मरतात, हे खरं ना?

हवामान बदलाच्या प्रत्येक पोस्टखाली ही कमेंट असतेच, आणि ती चुकीची नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०१५ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १३ देशांतल्या ७.४ कोटी मृत्यूंचं विश्लेषण होतं. तापमानाशी जोडता येणारे मृत्यू एकूण मृत्यूंच्या ७.७ टक्के निघाले. त्यातला ७.३ टक्के वाटा थंडीचा होता आणि उष्णतेचा अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी.

मात्र ही 'थंडी' म्हणजे गारठून मरणं नव्हे. यातले बहुतेक मृत्यू कडाक्याच्या थंडीत झालेले नव्हते. सौम्य, पण महिनोन्‌महिने टिकणाऱ्या गारव्यात झालेले होते. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, श्वसनाचे संसर्ग पसरतात आणि त्याचा परिणाम पुढे दोन-तीन आठवडे दिसत राहतो. अशा दिवसांची संख्याच वर्षात जास्त असते, म्हणून बेरीज मोठी होते. त्या १३ देशांत भारत नव्हता, पण भारतातल्या मृत्यूंवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मध्यम थंडीचाच वाटा मोठा आढळला. महाराष्ट्रातही डिसेंबर-जानेवारीत वयस्कर माणसांना जपायचं असतं ते यासाठी.

उष्णतेचा स्वभाव वेगळा आहे. तिचे मृत्यू त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतात, सगळे एकदम. तापमान एका मर्यादेच्या पुढे गेलं की धोका पायरी-पायरीनं वाढत नाही, एकदम चढतो. आणि पृथ्वी तापते आहे तसे या मर्यादेपलीकडचे दिवस वाढत आहेत. थंडीचा आकडा मोठा आहे म्हणून उष्णतेचा धोका किरकोळ ठरत नाही. शिवाय हे मृत्यू टाळता येतात, आणि फार खर्च न करता.

काय केल्यानं मृत्यू कमी झाले?

२०१० च्या धक्क्यानंतर अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातला तो पहिला मानला जातो. त्यात भव्य असं काहीच नव्हतं. तापमानाचा अंदाज आला की रंगांनुसार इशारे, ४५ अंशांना लाल. डॉक्टर आणि परिचारिकांना उष्माघात ओळखायचं प्रशिक्षण. दुपारी बागा उघड्या ठेवणं, पाणपोया, रुग्णालयांत बर्फाचे पॅक, वस्त्यांमध्ये छपरांना पांढरा चुना. या आराखड्यामुळे सुरुवातीच्या दोन वर्षांत वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज नंतरच्या एका अभ्यासानं मांडला.

यातली एक गोष्ट लहान आहे, पण बोलकी आहे. महापालिकेच्या एका रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीच्या खाली होता. उन्हाळ्यात तिथली नवजात बाळं अंग तापल्यामुळे अतिदक्षता विभागात हलवावी लागत. कक्ष खालच्या मजल्यावर आणला, आणि उष्णतेमुळे अशी भरती कराव्या लागणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही.

ओडिशानं हे त्याआधीच शिकायला सुरुवात केली होती. १९९८ मध्ये त्या राज्यात उष्णतेच्या लाटेत २,०४२ मृत्यूंची नोंद झाली. नंतर तिथे शाळांच्या आणि मजुरीच्या वेळा सकाळकडे सरकवणं, गावोगावी इशारे पोचवणं सुरू झालं. पुढे नागपूरसह देशातल्या अनेक शहरांनी असे आराखडे तयार केले. त्यातले किती कागदाबाहेर आले, हे त्या-त्या शहरातल्या एखाद्या मजूर अड्ड्यावर मे महिन्यात दुपारी उभं राहिलं की कळतं.

समोर कुणी कोसळलं तर?

आधी गार करा, मग रुग्णालयात न्या. शरीर ४० अंशांच्या वर जितका वेळ राहील तितकं नुकसान वाढत जातं, म्हणून पहिला अर्धा तास निर्णायक असतो. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नका. माणसाला सावलीत आणा, जाड कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत ठेवा. मोठं टब किंवा हौद जवळ असेल तर डोकं पाण्याबाहेर धरून शरीर गार पाण्यात ठेवणं सर्वांत परिणामकारक. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पन्हं आणि मीठ घातलेलं ताक यांचा उपयोग आहे, कारण त्यातून पाणी आणि मीठ दोन्ही मिळतं. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी-मीठ मोजून घ्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं. दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा खिशातला कांदा उष्माघात थांबवत नाही. तो जेवणात खावा. हवा ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखाही वृद्धांना गार करत नाही, गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसावं.

उष्णतेची लाट ही 'आपत्ती' आहे का?

हा प्रश्न शब्दांचा वाटतो, पण तो पैशांचा आहे. केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी आपत्तींची एक अधिसूचित यादी आहे. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, आणि हिमदव व थंडीची लाट. पंधराव्या वित्त आयोगाच्या वेळी त्यात थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. ती घालावी ही राज्यांची मागणी पंधराव्या वित्त आयोगासमोर आली, तेव्हा असलेली यादी राज्यांची गरज बऱ्याच अंशी भागवते, असं आयोगाचं मत पडलं. राज्यांना त्यांच्या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो. ओडिशानं उष्णतेच्या लाटेला आपली स्थानिक आपत्ती म्हणून जाहीर केलं ते याच तरतुदीखाली.

पण निधी असला तरी तो मिळवायला मृत्यू उष्णतेनं झाला हे दाखवणारा वैद्यकीय अहवाल लागतो. दुपारी शेतात कोसळलेल्या आणि दिवस मावळायच्या आत अंत्यसंस्कार झालेल्या माणसाच्या घरच्यांकडे तो बहुतेकदा नसतो.